जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या स्वीकृतीचा निर्णय : मराठी विकिपीडियाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

बीजशब्द : जावास्क्रिप्ट, फ्रेमवर्क, मीडियाविकी, मराठी विकिपीडिया, मुक्त संगणकप्रणाली, देखभाल

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या इतिहासाची मांडणी तलावांना वगळून करता येत नाही. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारी तलाव या नावाने ओळखले गेलेले जलाशय आजही जिल्ह्याच्या धानशेतीचा आधार आहेत. १९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली व १९५१ पासून हे तलाव शासनाकडे आले. त्यानंतर एक साधा प्रश्न उभा राहिला. तलाव कोणी बांधला, याची आठवण गावाला असते. दरवर्षी गाळ कोणी काढायचा आणि पाळ कोणी सांभाळायची, याचे उत्तर मात्र व्यवस्था बदलली की हरवते. तंत्रज्ञानाच्या इतिहासात बांधणीचा गौरव फार होतो व देखभालीची नोंद फार थोडी होते, हे निरीक्षण केवळ तलावांपुरते मर्यादित नाही.

संकेतस्थळे तयार करण्याच्या क्षेत्रात गेल्या पंधरा वर्षांत जो प्रश्न वारंवार विचारला गेला, तो याच जातीचा आहे. नवे जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क स्वीकारावे की नाही? वरकरणी हा संगणक अभियंत्यांचा अंतर्गत प्रश्न वाटतो. तथापि ज्या संकेतस्थळावर लक्षावधी वाचक अवलंबून आहेत, तेथे या निर्णयाचे परिणाम पवनी तालुक्यातील कोंढ्यासारख्या गावात साध्या फोनवर मराठी मजकूर वाचणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतात. प्रस्तुत निबंधात मराठी विकिपीडिया ज्या प्रणालीवर चालतो त्या मीडियाविकीने २०१९-२० मध्ये घेतलेल्या अशाच एका निर्णयाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. असा निर्णय गुणवत्तेच्या तुलनेवर ठरतो, असे सामान्यतः मानले जाते. वास्तविक तो उत्तरदायित्वाचा निर्णय असतो. स्वीकारणारे एक आणि त्याची किंमत मोजणारे दुसरे, अशी स्थिती अनेकदा असते.

संज्ञेचे स्पष्टीकरण येथेच करणे उचित ठरेल. कोणत्याही संकेतस्थळाचे ढोबळमानाने दोन भाग असतात. माहिती साठवणारा व पाठवणारा भाग दूरच्या सर्व्हरवर चालतो. वाचकाला प्रत्यक्ष दिसणारी पाने, बटणे, शोधपेटी व अर्ज हा दुसरा भाग त्याच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये चालतो. या दुसऱ्या भागाला फ्रंट-एंड म्हणतात व त्याची भाषा जावास्क्रिप्ट ही आहे. त्यातील वारंवार लागणारी कामे एकत्र करून ठेवलेल्या संचाला लायब्ररी म्हणतात. फ्रेमवर्क त्यापुढे जाते. संपूर्ण कार्यक्रम कोणत्या पद्धतीने मांडायचा, हेच ते ठरवून देते. लायब्ररी हवी तेव्हा वापरता येते व नको असल्यास बाजूला ठेवता येते. फ्रेमवर्कच्या आत मात्र राहावे लागते. म्हणूनच ते स्वीकारण्याचा प्रश्न गंभीर होतो.

पूर्वपीठिका

जावास्क्रिप्टचा जन्म घाईत झाला. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आयक यांनी मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना तयार केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तिला आजचे नाव मिळाले व १९९७ मध्ये तिचे प्रमाणीकरण झाले. प्रारंभी अर्जातील रकाना रिकामा राहिल्यास सूचना देणे, चित्र बदलणे अशी किरकोळ कामे तिच्याकडे होती. २००४ मध्ये जीमेल व २००५ मध्ये गूगल मॅप्स आल्यानंतर पान पुन्हा न उघडता त्यातील मजकूर बदलता येतो, हे सर्वसामान्य वापरकर्त्याने पाहिले आणि भाषेकडून असलेल्या अपेक्षा एकदम वाढल्या.

त्या काळातील मोठी अडचण ब्राउझरांच्या विसंगतीची होती. एकच आज्ञा इंटरनेट एक्सप्लोररमध्ये एक व फायरफॉक्समध्ये दुसराच परिणाम दाखवी. जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेक्वेरी या लायब्ररीने ती विसंगती झाकली, आणि पुढील दशकभर जगातील बहुसंख्य संकेतस्थळे जेक्वेरीवर उभी राहिली. मीडियाविकीनेही ती स्वीकारली. या स्वीकृतीविषयी फारशी चर्चा करावी लागली नाही, कारण जेक्वेरी मांडणीची सक्ती करत नव्हती.

चित्र बदलले ते २०१० पासून. त्या वर्षी बॅकबोन, नॉकआउट आणि गूगलच्या पाठबळाचे अँग्युलरजेएस ही साधने पुढे आली. मे २०१३ मध्ये फेसबुकने जॉर्डन वॉक यांनी घडवलेले रिअॅक्ट सर्वांसाठी खुले केले. फेब्रुवारी २०१४ मध्ये इव्हान यू यांनी व्ह्यू प्रसिद्ध केले. यू यांनी पूर्वी गूगलमध्ये काम केले होते, परंतु व्ह्यूमागे कोणतीही कंपनी नव्हती. २०१६ पासून ते लोकांच्या देणग्यांवर त्याचे काम पूर्णवेळ पाहू लागले. रिअॅक्ट हे स्वतःला लायब्ररी म्हणवते. व्यवहारात मात्र त्याची निवड करणाऱ्यांना फ्रेमवर्कसारखेच बांधून घ्यावे लागते, त्यामुळे येथे त्याचा समावेश त्याच गटात केला आहे.

या काळातील दोन घटनांचा निर्णयप्रक्रियेवर खोल परिणाम झाला. पहिली अँग्युलरजेएसची. ऑक्टोबर २०१४ मध्ये पॅरिस येथील परिषदेत अँग्युलरची दुसरी आवृत्ती मुळापासून नवी असेल व पहिल्या आवृत्तीतील कंट्रोलर, स्कोप यांसारख्या मूलभूत कल्पना तीत राहणार नाहीत, असे जाहीर झाले. ही नवी आवृत्ती सप्टेंबर २०१६ मध्ये आली. स्थलांतराची सोय नंतर देण्यात आली हे खरे. परंतु जुन्या आवृत्तीवर काम उभारलेल्या संस्थांना ते बहुतांशी पुन्हा लिहावे लागणार, हे स्पष्ट झाले. अँग्युलरजेएसचे अधिकृत साहाय्य ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपले.

दुसरी घटना परवान्याची आहे. रिअॅक्टच्या परवान्यासोबत फेसबुकने पेटंटविषयक एक वेगळे कलम जोडले होते. फेसबुकवर पेटंटचा दावा लावणाऱ्या वापरकर्त्याचे त्या कलमान्वये मिळालेले पेटंटहक्क संपुष्टात येत. जुलै २०१७ मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने असा परवाना असलेले साहित्य आपल्या प्रकल्पांत वापरण्यास मनाई केली. सप्टेंबर २०१७ मध्ये वर्डप्रेसचे मॅट मुलेनवेग यांनी रिअॅक्टचा त्याग करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यानंतर आठवडाभरातच फेसबुकने रिअॅक्टला एमआयटी हा निर्वेध परवाना लागू करण्याची घोषणा केली. वर्डप्रेसने मग रिअॅक्ट कायम ठेवले. मात्र त्याच्याभोवती स्वतःचे एक आवरण घातले, जेणेकरून वर्डप्रेससाठी लिहिणाऱ्यांचा संबंध थेट रिअॅक्टशी न येता त्या आवरणाशी यावा. ही सावधगिरी लक्षणीय आहे. एकदा अडचण अनुभवल्यानंतर बाहेर पडण्याचा दरवाजा आधीच बांधून ठेवण्याचा तो प्रयत्न होता.

टंकांचा पूर्वानुभव

बाहेर पडण्याचा हा प्रश्न मराठी प्राध्यापकवर्गाला अपरिचित नाही. फक्त त्याचे नाव वेगळे होते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकच्या पुणे येथील केंद्राने जिस्ट व पुढे आयएसएम ही साधने दिली. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने श्री-लिपी दिली. विदर्भात कृतिदेवचाही मोठा प्रसार झाला. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले होते आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला होता. तरीही प्रत्यक्ष टंकलेखन त्या त्या टंकाच्या खासगी संकेतानुसार होत राहिले. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीची सोय उपलब्ध झाल्यावरही प्रकाशने, छापखाने व विद्यापीठीय नियतकालिके दीर्घकाळ जुन्या टंकांतच मजकूर मागवत राहिली.

परिणाम सर्वांनी भोगले आहेत. डीव्हीबी-टीटी सुरेख या टंकात लिहिलेला शोधनिबंध तो टंक नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसे. एम.फिल.चे प्रबंध, परिसंवादांचे वृत्तांत, गावोगावच्या अभ्यासकांनी जमवलेले लोकसाहित्य असे कितीतरी लेखन आजही अशा धारिकांमध्ये अडकून पडले आहे. टंक-परिवर्तकाने ते युनिकोडमध्ये आणता येते, पण जोडाक्षरे व रफार यांच्या चुका हाताने सुधाराव्या लागतात. श्री-लिपी किंवा आयएसएम निवडणाऱ्यांचा निर्णय त्या दिवशी चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही. मराठी संगणकावर आणण्याचा तोच व्यवहार्य मार्ग होता. ‘यातून उद्या बाहेर कसे पडायचे?’ हा प्रश्न मात्र विकत घेताना विचारला गेला नाही. आणि ती किंमत निर्णय घेणाऱ्यांनी नव्हे, तर त्यांच्यानंतर आलेल्या टंकलेखकांनी व संशोधकांनी मोजली.

आज महाविद्यालयांची संकेतस्थळे बाहेरच्या पुरवठादाराकडून करून घेतली जातात, तेथेही याच प्रकारची उदासीनता आढळते. नॅकच्या २०१७ पासूनच्या सुधारित मूल्यांकन पद्धतीत अनेक दस्तऐवज संकेतस्थळावर ठेवून त्यांचे दुवे द्यावे लागू लागले. पुरवठादार बदलला की दुवे तुटतात व मग धावपळ होते. संकेतस्थळ कशावर बांधले आहे, हे करारात लिहून घेण्याची प्रथा आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही.

मीडियाविकीपुढील प्रश्न

मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. आज त्यातील लेखांची संख्या एक लाखाच्या घरात आहे. जगातील अन्य विकिपीडियांप्रमाणे तोही मीडियाविकी या मुक्त प्रणालीवर चालतो व तिची मुख्य जबाबदारी विकिमीडिया फाउंडेशनकडे आहे. प्रणाली एकच असल्यामुळे तिच्याविषयीचा तांत्रिक निर्णय इंग्रजीसाठी व मराठीसाठी वेगवेगळा होऊ शकत नाही.

मीडियाविकीत जेक्वेरी होतीच. २०११ मधील १.१७ या आवृत्तीपासून रिसोर्सलोडर नावाची व्यवस्था आली. जावास्क्रिप्टचे तुकडे गरजेनुसार एकत्र करून ते वाचकाकडे पाठवणे, हे तिचे काम. २०१३ च्या सुमारास दृश्य संपादकाच्या निर्मितीबरोबर ओओयूआय ही बटणे, यादी, संवादचौकट इत्यादींची घरची लायब्ररी तयार झाली. ती काळजीपूर्वक घडवलेली होती, परंतु तिच्यात दोन उणिवा होत्या. ती वजनाने जड होती, आणि मीडियाविकीबाहेरच्या कोणत्याही नव्या विकसकाला ती माहीत नव्हती. स्वयंसेवकांवर चालणाऱ्या प्रकल्पात ही दुसरी उणीव अधिक घातक ठरते. नवा माणूस येतो तो रिअॅक्ट किंवा व्ह्यू शिकून. येथे आल्यावर त्याला अन्यत्र कुठेही उपयोगी न पडणारी पद्धत नव्याने शिकावी लागते.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर २०१९ मध्ये मीडियाविकीसाठी आधुनिक जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क स्वीकारण्याविषयीचा प्रस्ताव सार्वजनिक चर्चेसाठी मांडण्यात आला. चर्चा फॅब्रिकेटर या खुल्या कार्यफलकावर झाली व तांत्रिक समितीने मार्च २०२० मध्ये व्ह्यूच्या बाजूने तो प्रस्ताव मान्य केला. इतक्या मोठ्या संस्थेचा असा निर्णय साधकबाधक मुद्द्यांसह सर्वांना वाचता येईल अशा जागी नोंदला जाणे, ही इतिहासाच्या अभ्यासकाला दुर्मीळ सोय आहे. कंपन्यांच्या बैठकीत होणारे असे निर्णय सहसा मागे कागद ठेवत नाहीत.

निवड मुख्यतः रिअॅक्ट आणि व्ह्यू यांच्यात होती. लोकप्रियतेत रिअॅक्ट पुढे होते. परवान्याचा वाद २०१७ मध्येच मिटला होता, तरी त्याची स्मृती ताजी होती. व्ह्यूच्या बाजूने काही ठोस गोष्टी होत्या. रिअॅक्टमधील लेखन ब्राउझरकडे देण्यापूर्वी सहसा दुसऱ्या साधनाने रूपांतरित करावे लागते; व्ह्यू अशा पूर्वप्रक्रियेविनाही चालू शकते. मीडियाविकीत रिसोर्सलोडर मूळ लेखनच हाताळतो व तेच सर्वांना तपासता येते, म्हणून ही बाब निर्णायक महत्त्वाची होती. व्ह्यूची मांडणी साध्या एचटीएमएलच्या जवळ जाणारी असल्याने जुन्या पानात ते थोडे थोडे आणता येते. शिवाय त्याचे नियंत्रण एखाद्या कंपनीकडे नाही. याच्या आधी विकिमीडिया डॉइचलँडने विकिडेटाच्या मोबाइल रूपासाठी २०१९ मध्ये व्ह्यू वापरून पाहिले होते, त्यामुळे निर्णय निव्वळ अनुमानावर आधारलेला नव्हता.

व्ह्यू स्वीकारताना मीडियाविकीने आपली जुनी व्यवस्था त्याच्यासाठी मोडली नाही. व्ह्यूमध्ये रचना, वर्तन व शैली एकाच धारिकेत लिहिण्याची पद्धत आहे. जगभर अशा धारिका नोड या प्रणालीवरील साधनांनी रूपांतरित केल्या जातात. मीडियाविकीने रिसोर्सलोडरलाच अशा धारिका वाचायला शिकवले आणि २०२० मधील १.३५ या आवृत्तीत ती सोय आली. पाहुण्याने घराच्या रीतीप्रमाणे वागावे, अशी ही भूमिका म्हणता येईल. तिच्यामुळे व्ह्यूच्या काही सोयी वापरता आल्या नाहीत व त्याबद्दल विकसकांमध्ये कुरकुरही राहिली. पण बाहेरच्या साधनांच्या शेकडो परावलंबी तुकड्यांचे ओझे आत आले नाही.

वाचकाच्या बाजूने

फ्रेमवर्कच्या आधारे बांधलेल्या अनेक संकेतस्थळांची रीत अशी की सर्व्हर जवळजवळ रिकामे पान पाठवतो आणि मजकूर जावास्क्रिप्ट चालल्यानंतर दिसू लागतो. महानगरातील वेगवान फोनवर हा विलंब जाणवत नाही. पावसाळ्यात टॉवरचा संकेत क्षीण असताना, स्मृती कमी असलेल्या जुन्या फोनवर त्याच पानाचे पांढरे कोरेपण संपत नाही. मीडियाविकीने हा मार्ग पत्करला नाही. लेखाचा मजकूर पूर्वीप्रमाणे सर्व्हरवरच तयार होऊन येतो. सुरुवातीला येणारा एक छोटा कार्यक्रम ब्राउझरची क्षमता तपासतो. ती अपुरी असल्यास पुढचे जावास्क्रिप्ट मागवलेच जात नाही, आणि तरीही लेख वाचता येतो, दुवे चालतात, साध्या पेटीत संपादनही करता येते.

व्ह्यूचा पहिला ठळक वापर शोधपेटीत झाला, आणि तोही या तत्त्वाला धरून. नव्या व्हेक्टर त्वचेत शोधपेटी प्रथम साध्या एचटीएमएलची असते. वाचकाने तिच्यात बोट ठेवल्यानंतरच व्ह्यूवर आधारित भाग मागवला जातो व सूचना दिसू लागतात. ज्याला केवळ लेख वाचायचा आहे, त्याच्यावर फ्रेमवर्कचा भार पडत नाही. या एका तपशिलात संपूर्ण निर्णयाचे शहाणपण दिसते. कोणते फ्रेमवर्क निवडले, यापेक्षा ते वाचकाच्या वाटेत कुठे उभे केले, हे अधिक महत्त्वाचे ठरले.

याच संस्थेत त्याच सुमारास उलट दिशेचा निर्णयही झाला. जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेल्या जिओफोनमुळे कायओएस ही साधी प्रणाली भारतात मोठ्या प्रमाणावर पसरली. फोनचा पडदा २.४ इंचांचा, स्मृती ५१२ एमबी, स्पर्शाऐवजी कळफलक. २०१९ मध्ये भारतासारख्या देशांतील वाचकांचा विचार करण्यासाठी विकिमीडियाने स्थापन केलेल्या इनुका या गटाने कायओएससाठी विकिपीडियाचे स्वतंत्र अॅप तयार केले. त्यासाठी व्ह्यू न घेता प्रीअॅक्ट निवडले गेले. प्रीअॅक्ट ही रिअॅक्टच्याच धर्तीची, परंतु संकुचित केल्यावर सुमारे तीन केबी भरणारी लायब्ररी आहे. अधिकृत फ्रेमवर्क ठरत असतानाच वेगळी निवड करणे विसंगत वाटेल. पण फोन वेगळा होता, वाचक वेगळा होता, आणि निर्णय त्याच्या हातातील यंत्राकडे पाहून घेतला गेला. एकरूपतेच्या आग्रहापुढे असा अपवाद टिकणे ही लहान गोष्ट नव्हे.

मराठी स्वयंसेवकांच्या बाजूने

वाचकाचे हित सांभाळले गेले, असे म्हणता येते. स्वयंसेवकांच्या बाबतीत तितक्या निःशंकपणे तसे म्हणता येत नाही.

विकिपीडियावर मुख्य प्रणालीखेरीज स्थानिक समुदायाने लिहिलेली किंवा अन्य विकिपीडियांवरून आणलेली छोटी साधने चालतात. त्यांना गॅजेट म्हणतात. यांपैकी बरीच साधने जेक्वेरीच्या काळातील आहेत. २०१७ मध्ये मीडियाविकीने जेक्वेरीची तिसरी आवृत्ती घेतली, तेव्हा जुन्या पद्धतीने लिहिलेले तुकडे दुरुस्त करण्याचे काम त्या त्या विकिपीडियावर येऊन पडले. इंग्रजी विकिपीडियावर अशा दुरुस्तीसाठी पुष्कळ हात असतात. मराठीसारख्या ठिकाणी ते मोजके असतात व तेच लोक लेखही लिहितात, वर्गवारीही पाहतात. ऑगस्ट २०१८ पासून सुरक्षेच्या कारणास्तव संपूर्ण संकेतस्थळाचे जावास्क्रिप्ट बदलण्याचा अधिकार इंटरफेस प्रचालक या वेगळ्या गटापुरता मर्यादित झाला. कारण योग्य होते. लहान समुदायात मात्र त्यामुळे दुरुस्ती करू शकणारे हात आणखी कमी झाले. फ्रेमवर्कविषयीची चर्चा सर्वांसाठी खुली होती हे खरे, पण ती इंग्रजीत होती, आणि तीत सार्थ सहभाग घेण्यासाठी जी तांत्रिक तयारी लागते ती मराठी लेखकाकडे असतेच असे नाही. खुलेपणा व सहभाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोन बाबतींत जुनी शिस्त कामी आली. मीडियाविकीत बटणांवरील व सूचनांमधील मजकूर कार्यक्रमात लिहिलेला नसतो. तो वेगळ्या संदेशधारिकांत असतो व त्याचे मराठी भाषांतर ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर स्वयंसेवक करतात. व्ह्यू आणताना संदेशांची हीच व्यवस्था त्याला जोडण्यात आली. त्यामुळे वर्षानुवर्षे केलेले भाषांतर जसेच्या तसे उपयोगात राहिले. युनिकोडपूर्व टंकांच्या अनुभवाशी तुलना केल्यास या गोष्टीचे मोल कळते : मजकूर व त्याला वाहून नेणारे साधन वेगळे ठेवले होते, म्हणून साधन बदलताना मजकूर वाचला.

दुसरी बाब टंकलेखनाची. ज्याच्या संगणकावर मराठी कळफलक नाही, त्यालाही विकिपीडियावर मराठीत लिहिता यावे म्हणून लिप्यंतर व इनस्क्रिप्ट यांसारख्या पद्धती पानातच उपलब्ध करून दिलेल्या आहेत. पूर्वी ही सोय नारायम नावाच्या विस्तारातून मिळे. २०१३ मध्ये ती युनिव्हर्सल लँग्वेज सिलेक्टरमध्ये समाविष्ट झाली. तिचा गाभा असलेल्या लायब्ररीचे नावच जेक्वेरी डॉट आयएमई असे आहे. म्हणजे मराठी अक्षर उमटवणारे साधन अजूनही जेक्वेरीवर उभे आहे. नवे फ्रेमवर्क आले म्हणून जेक्वेरी काढून टाकली असती, तर सर्वप्रथम अडचण झाली असती ती भारतीय भाषांत लिहिणाऱ्यांची, आणि रोमन लिपीत काम करणाऱ्या विकसकाच्या ती कदाचित लक्षातही आली नसती. जेक्वेरी व व्ह्यू आज मीडियाविकीत शेजारी शेजारी नांदतात. नीटनेटकेपणाच्या दृष्टीने ही स्थिती समाधानकारक नाही. लेखकाच्या दृष्टीने ती आवश्यक आहे.

मुंबईतील एक समांतर उदाहरण

अशा सहअस्तित्वाचे आणखी एक उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या फ्रॅपे या कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही मुक्त व्यवसायप्रणाली जगभर वापरली जाते. तिचा मुख्य कार्यफलक, ज्याला डेस्क म्हणतात, मोठ्या प्रमाणावर जेक्वेरी व कंपनीच्या स्वतःच्या रचनेवर बांधलेला आहे. पुढे नव्या उत्पादनांसाठी कंपनीने व्ह्यूच्या तिसऱ्या आवृत्तीवर आधारित फ्रॅपे यूआय हा संच घडवला. जुना डेस्क मात्र एका झटक्यात नव्याने लिहिण्यात आला नाही. त्यावर असंख्य वापरकर्त्यांनी आपापल्या गरजेप्रमाणे छोटे कार्यक्रम लिहून ठेवले आहेत, आणि तो पाया काढला तर ते सर्व कोसळतील. नवे बांधकाम नव्या पद्धतीने व्हावे आणि राहत्या घराला धक्का लागू नये, या धोरणात व्यापारी कंपनी व लोकवर्गणीवर चालणारी संस्था एकाच ठिकाणी येऊन पोहोचल्या, हे विशेष आहे.

निर्णयानंतर

मार्च २०२० मध्ये मीडियाविकीने स्वीकारले ते व्ह्यू दुसऱ्या आवृत्तीचे होते. सहाच महिन्यांत, १८ सप्टेंबर २०२० रोजी, तिसरी आवृत्ती आली आणि दुसरीचे आयुष्य मर्यादित असल्याचे स्पष्ट झाले. अँग्युलरजेएसची पुनरावृत्ती होईल, ही भीती अनाठायी नव्हती. परंतु व्ह्यूने जुन्या पद्धतीचे लेखन चालवून घेणारी एक संक्रमणकालीन आवृत्ती दिली होती. मीडियाविकीने तिच्या आधारे तिसऱ्या आवृत्तीकडे वाटचाल केली. तोपर्यंत व्ह्यूवरील लेखन थोडेच झालेले असल्याने स्थलांतर आवाक्यात राहिले. हळू चालण्याचा हा लाभ निर्णय घेताना कोणी हिशोबात धरला नसावा. पुढे बटणे, पेट्या, याद्या यांचा कोडेक हा नवा संच व्ह्यूवर तयार झाला. त्यातील कित्येक घटकांना जावास्क्रिप्टविना, केवळ शैलीच्या आधारे चालणारे रूपही देण्यात आले. व्ह्यूच्या दुसऱ्या आवृत्तीचे अधिकृत साहाय्य ३१ डिसेंबर २०२३ रोजी संपले.

ओओयूआय अद्याप निवृत्त झालेले नाही. दृश्य संपादक त्यावरच चालतो. जुन्या गॅजेटांपैकी काही दुरुस्त झाली, काही बंद पडली आणि काहींचे काम पुन्हा हाताने होऊ लागले. मराठी विकिपीडियावर लेख लिहिणारा मनुष्य आजही जेक्वेरीच्या साह्याने अक्षर उमटवतो, ओओयूआयच्या चौकटीत संपादन करतो आणि व्ह्यूच्या शोधपेटीत पुढचा लेख शोधतो. एकाच पानावर तीन कालखंडांचे थर असतात आणि त्यातील सर्वांत जुन्या थराची देखभाल सर्वांत थोड्या लोकांकडे आहे.